एका खणापासून सुरुवात: मोठ्या गेममधली जागा घडवायला शिकणाऱ्यांसाठी

इंदुरात गेम आर्ट शिकू पाहणारी मराठी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "किती पॉलिगॉन झाले की ट्रिपल-ए क्वालिटी येते?" (पॉलिगॉन म्हणजे मॉडेल ज्यांनी बनतं ते लहान सपाट तुकडे, आणि ट्रिपल-ए म्हणजे मोठ्या बजेटचे गेम.) दोन्हींची उत्तरं आहेत, ती खाली आपापल्या जागी येतील. पण मोठ्या बजेटच्या ॲक्शन-ॲडव्हेंचर गेममधली जागा खरी वाटते ती वेगळ्याच कारणाने. तिथल्या प्रत्येक डागामागे, झिजेमागे, सावलीमागे काहीतरी घडलेलं असतं. कारण नसलेली घाण आठ-के टेक्स्चरमध्येही, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या अतिबारीक चित्रातही, खोटीच दिसते.

म्हणून सरावाला आपलंच शहर घ्या. राजवाडा, सराफा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. शंका आली की पुन्हा जाऊन बघता येतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या कुठल्यातरी युरोपियन किल्ल्याच्या बाबतीत ही सोय नाही.

पहिली पायरी: गेम खेळू नका, बघा

आधी खेळून संपवलेला एखादा गेम पुन्हा लावा. पडद्यावरचा नकाशा, पट्ट्या, बाण सगळं सेटिंगमधून बंद करा आणि नुसते चालत राहा. फोटो मोड असेल तर कॅमेरा भिंतीच्या पायथ्याशी न्या. भिंत जमिनीला मिळते ती रेघ हे कच्चं आणि पक्कं काम ओळखायचं सगळ्यात सोपं ठिकाण. कच्च्या कामात दोन पत्रे एकमेकांना टेकवल्यासारखी सरळ रेघ दिसते. पक्क्या कामात तिथे धूळ साचलेली असते, पाऊस उडून वीतभर ओल चढलेली असते, कुठे गवताचं पातं असतं.

२०१७ चा 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' यासाठी मुद्दाम खेळण्यासारखा आहे. तो पश्चिम घाटात घडतो आणि त्यातलं शिल्पकाम होयसळ शैलीवर बेतलेलं आहे. सह्याद्री आणि कर्नाटकातली देवळं आपल्या ओळखीची, त्यामुळे कलाकारांनी काय जसंच्या तसं घेतलं आणि काय सोयीने वाकवलं हे आपल्याला पटकन जाणवतं. त्यात एका मोठ्या मोकळ्या भागात जीप घेऊन फिरायचं असतं, आणि उंच मनोऱ्यावर चढलं की पुढची ठिकाणं दुरून दिसतात. ती दिसावीत म्हणून डोंगर, झाडं, पाणी कसं मांडलंय ते बघा. तिथे दृश्य सुंदर करणं आणि खेळाडूला वाट दाखवणं ही दोन्ही कामं एकाच मांडणीने केली आहेत.

वाट दाखवण्याच्या इतर तऱ्हाही नजरेखालून घाला. 'मिरर्स एज'ने २००८ मध्ये पांढऱ्याशुभ्र शहरात लाल रंग हीच खूण केली. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये, २०२० साली, बाणाऐवजी वारा दिशा दाखवतो आणि गवत, पानं त्या बाजूला झुकतात. उलट, चढायच्या कठड्यांवर फासलेल्या पिवळ्या रंगावरून गेल्या काही वर्षांत खेळाडूंनी बरीच कुरकुर केली आहे. मला ती कुरकुर निम्मीच पटते. कठडा ओळखता आलाच पाहिजे. फक्त त्यासाठी रंगाचा डबा सांडण्याआधी झिजलेली कड, पडलेला प्रकाश, वेलीतली मोकळी फट हे उपाय करून बघावेत.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आहे, २०२० चा. त्याचा कॅमेरा बराचसा दुरून आणि वरून बघतो. त्यामुळे तपशील भिंतीच्या दगडात न घालता इमारतीच्या आकारात आणि रंगांच्या मोठ्या पट्ट्यांत घातलाय. कॅमेरा कुठे आहे यावर कष्ट कुठे करायचे ते ठरतं. हा हिशेब न मांडता काम सुरू केलं की महिनाभर घासलेला खिळा शेवटी पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढा दिसतो.

दुसरी पायरी: जागा लहान निवडा आणि तिचं साल ठरवा

आख्खा राजवाडा करायला घेऊ नका. सात मजली इमारत आहे ती, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. एक खण घ्या, म्हणजे दोन खांबांमधली जागा, वरची महिरप, मागची भिंत, पुढे थोडं अंगण. याला अख्खा वाडा जोडता येतो, पण पुढे.

मग एक परिच्छेद लिहा. कोणतं साल, कोणता ऋतू, दिवसाची कोणती वेळ, इथे कोण वावरतं, खेळाडू कुठून येतो, कुठे चढतो, कुठून जातो. साल ठरवणं ही नुसती कागदी गोष्ट नाही. राजवाडा १९८४ मध्ये जळाला आणि पुढे त्याची पुन्हा बांधणी झाली. तुमची गोष्ट आगीच्या आधीची असेल तर लाकूड वेगळं, नंतरची असेल तर जुना दगड आणि नवं लाकूड शेजारी शेजारी, आणि दोघांचं म्हातारपण वेगवेगळं. हे ठरवलं नाही तर सगळ्यावर सारखीच धूळ फासली जाते.

इतिहासाशी किती प्रामाणिक राहायचं? 'असॅसिन्स क्रीड युनिटी'मध्ये, २०१४ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं नोत्र दाम चर्च एका कलाकाराने वर्षाहून जास्त काळ खपून उभं केलं. तरी त्याच्यावर एकोणिसाव्या शतकातला कळस ठेवला, कारण लोक ते चर्च त्या कळसावरूनच ओळखतात. गेमला ही सूट असते. पण सूट घेतली हे आपल्याला माहीत असावं, अज्ञानातून झालेली चूक म्हणजे सूट नव्हे.

तिसरी पायरी: रेफरन्स

प्रत्येक गोष्टीचे फोटो तीन अंतरांवरून घ्या: रस्त्यापलीकडून, चार पावलांवरून आणि हाताच्या अंतरावरून. जवळच्या फोटोत मोजपट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवा, नाहीतर घरी आल्यावर दगड केवढा होता ते आठवत नाही. राजवाड्याच्या मोठ्या दारावरचे लोखंडी खिळे असेच मोजून घ्या. फोटोत ते लहान वाटतात.

आता एक गोष्ट जवळून बघू. सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार आणि रात्री खाऊगल्ली. दुकान बंद झालं की त्याच ओट्यासमोर तवे लागतात. तिथलं एखादं शटर पहाटे बघा. कमरेच्या उंचीवर, जिथे हात लावून ते वर ढकलतात, तिथला रंग उडून पत्रा गुळगुळीत झालाय. त्याच्या वर, तव्याची वाफ जिथे लागते, तिथे तेलाचा पातळ थर आहे आणि त्यावर धूळ बसून तो मऊ, तपकिरी, अर्धवट चकचकीत दिसतो. अगदी वर, शटर गुंडाळलं जातं तिथे, पट्ट्या एकमेकांवर घासून आडव्या रेघा पडल्यात. खाली झाडू आणि पाण्यामुळे गंजाची किनार. चार पट्टे, चार कारणं, आणि प्रत्येक पट्ट्याची चमक वेगळी. रंग जवळजवळ एकच आहे. नवशिके रंग बदलत बसतात, आणि फरक असतो तो चमकेत, म्हणजे रफनेसमध्ये. हे शटर नीट बघितलंत तर मटेरियलवरचे निम्मे व्हिडिओ बघायची गरज उरत नाही.

फोटोंवरून थेट त्रिमितीय मॉडेल करायचं, म्हणजे फोटोग्रामेट्री करायची, तर ढगाळ दिवस निवडा. माळव्यातले जुलै-ऑगस्ट त्यासाठी उत्तम. आभाळ भरलेलं असलं की सावल्या पुसट होतात आणि दगडाचा रंग उन्हाशिवाय मिळतो, फक्त पाऊस थांबून पृष्ठभाग कोरडा झालेला हवा. लागोपाठच्या दोन फोटोंत निदान साठ-सत्तर टक्के भाग सारखा यायला हवा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्का करून ठेवा. चकाकणाऱ्या, पारदर्शक, आरशासारख्या वस्तू या पद्धतीने येत नाहीत, कारण कॅमेरा हलला की त्यांच्यातलं प्रतिबिंबही हलतं आणि सॉफ्टवेअरला धरायला ठिकाणच सापडत नाही. आतून काचांनी मढवलेल्या काच मंदिरावर हा प्रयोग करायचा मोह आवरा. आणि कुठेही आत जाऊन फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

मोठ्या स्टुडिओंतही स्कॅन हा कच्चा माल असतो. डाइस या स्टुडिओने २०१५ च्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट'साठी फोटोग्रामेट्री मोठ्या प्रमाणावर वापरली, पण स्कॅन केलेला दगड साफ करणं, हलका करणं, त्यातला प्रकाश काढून टाकणं हे काम कुणाला चुकलेलं नाही.

चौथी पायरी: ठोकळे

हत्यारं आता घ्या. मॉडेल करायला ब्लेंडर फुकट आहे. गेम उभा करायचं अनरिअल इंजिन शिकायला फुकट आहे. रंगकामासाठी क्रिटा फुकट आहे. फोटोग्रामेट्रीसाठी मेशरूम फुकट आहे. टेक्स्चर रंगवायच्या सब्स्टन्स पेंटरला पैसे पडतात, सोय मोठी आहे, पण पहिल्या कामाला त्याच्यावाचून अडत नाही. ग्राफिक्स कार्डचं उत्तर हे असं: आहे त्यावर सुरू करा. सोळा जीबी रॅम असली तर बरं. मशीन दमत असेल तर ल्युमेन, म्हणजे अनरिअलमधला गेम चालू असताना प्रकाश मोजणारा भाग, बंद करून प्रकाश बेक करा, म्हणजे आधीच मोजून साठवून ठेवा. बेक करायला शिकणं वायाही जात नाही.

आता नुसत्या करड्या ठोकळ्यांनी जागा उभी करा. १८० सेंटिमीटरचा माणूस मध्ये ठेवा आणि तो शेवटपर्यंत हलवू नका. अनरिअलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, तेव्हा मोजमाप सरळ घालता येतं.

इथे खऱ्या वाड्याचं आणि गेमचं भांडण सुरू होतं. माझा भाचा हेच करत होता, वैतागून म्हणाला, "मामा, जिना मोजून तंतोतंत केलाय, तरी कॅमेरा सारखा भिंतीत घुसतोय."

"घुसणारच रे. वाड्याचा जिना एका माणसासाठी असतो. तुझ्या गेममध्ये माणसाच्या मागे तीन मीटरवर आणखी एकजण चालतोय, कॅमेरा."

"मग सगळंच दीडपट मोठं करू का?"

सगळं करायचं नाही. जिन्याची रुंदी आणि वरची मोकळी जागा वाढवा, पायरीची उंची तशीच ठेवा, कारण पाय पायरीवर कसा पडतो यावरून आकाराचा अंदाज येतो. कठड्याची उंची, दाराची कडी, कोनाडा, पणती, म्हणजे माणसाच्या हाताशी येणाऱ्या वस्तू खऱ्या मापाच्याच राहू द्या. छत वर गेल्यामुळे कोंदटपणा हरवला असेल तर तुळया गडद करा आणि प्रकाश खालीच थांबवा. जागा मोठी असून अरुंद भासते.

वाड्याकडे एक तयार देणगीही आहे, मोठ्या दरवाजातली दिंडी, म्हणजे त्यातलं छोटं दार. नायिका वाकून दिंडीतून आत जाते तेव्हा दरवाजाचं प्रचंडपण न सांगता कळतं. शिवाय तेवढ्या क्षणात गेमला पुढचा भाग मेमरीत आणायला सवड मिळते. अनेक मोठ्या गेममधल्या त्या अंग चोरून जायच्या कपारी याच कामासाठी असतात. प्लेस्टेशन ५ चा एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचतो, त्यामुळे ही गरज कमी झाली आहे, तरी दिंडी दिंडी म्हणूनही छानच दिसते.

ठोकळ्यांच्या अवस्थेतच जागा चालून बघा, आणि ज्याला गेममधलं काही कळत नाही अशा माणसालाही चालवून बघा. तो कुठे थबकला ते लिहून ठेवा. ठोकळे कंटाळवाणे वाटले तर त्यांच्यावर दगडाचं टेक्स्चर चढवून स्वतःला फसवू नका, मांडणीच बदला.

पाचवी पायरी: संच

मोठ्या गेममध्ये इमारती एकसंध घडवत नाहीत, सुट्या भागांचा संच करतात. वाड्याला हे मुळातच मानवतं, कारण वाडा बांधतानाच तो खणांत मोजतात. तुमच्या संचात एवढं पुरे: एक सुरूचा खांब, त्याची दगडी तळखडी, एक महिरप, तुळई, कोनाडा असलेली भिंत, कोनाडा नसलेली भिंत, कोपरा, जोत्याचा तुकडा, पायरी, कठडा. सगळ्यांची लांबी एकाच मापाच्या पटीत ठेवा, समजा तीन मीटर, आणि प्रत्येक भागाचा पिव्हट, म्हणजे ज्या बिंदूला धरून तो हलतो-फिरतो तो, एकाच तऱ्हेच्या कोपऱ्यात. पिव्हट वेडेवाकडे असले तर जोडताना जीव जातो.

लाकडाच्या नक्षीच्या पट्ट्या, गोलाई, कडा या सगळ्यांसाठी एकच ट्रिम शीट करा, म्हणजे एका टेक्स्चरवर आडव्या पट्ट्या आणि हव्या तिथे ती पट्टी वापरायची. खांब, तुळई, कठडा, दाराची चौकट हे सगळं एका शीटमधून निघतं. काम वाचतं, मेमरी वाचते, आणि सगळं लाकूड एकाच सुताराच्या हातचं वाटतं.

टेक्स्चर किती दाट असावं? मागून बघणाऱ्या कॅमेऱ्यासाठी मीटरला ५१२ पिक्सेल हा रूढ आकडा आहे, डोळ्यांतून बघणाऱ्या गेमसाठी साधारण दुप्पट. म्हणजे २०४८ चं टेक्स्चर चार मीटर भिंतीला पुरतं. सगळीकडे घनता सारखी ठेवा. धारदार खांबाशेजारी भुरकट भिंत दिसली की जादू संपते. आठ-के, चार-के यांचा हव्यास धरण्याआधी गणित करा. ४०९६ चं एक टेक्स्चर नेहमीच्या कॉम्प्रेशननंतरही मिपमॅपसकट, म्हणजे दुरून दिसण्यासाठीच्या त्याच्या लहान प्रतींसकट, सुमारे २१ एमबी खातं. एका मटेरियलला अशी तीन लागली की ६४ एमबी गेले. प्लेस्टेशन ५ ची सगळी मेमरी १६ जीबी, आणि तीत खेळाचं, आवाजाचं, सिस्टिमचं सगळंच बसवायचं असतं.

पॉलिगॉनचा प्रश्न राहिला होता. २०२२ मध्ये अनरिअल ५ बरोबर गरजेपुरतेच त्रिकोण आपोआप दाखवणारं नॅनाइट आलं आणि स्थिर, अपारदर्शक वस्तूंसाठी तो प्रश्न खूपच सैल झाला. तरी माझा सल्ला असा की पॉलिगॉन बाह्यरेषेवर खर्च करा. आकाशासमोर दिसणारी महिरपीची कड गोल हवी. भिंतीच्या सपाट पोटात लाखभर त्रिकोण ओतले तरी कुणाला पत्ता लागत नाही.

सहावी पायरी: मटेरियल आणि झीज

हल्लीच्या पद्धतीत, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या नियमांवर चालणाऱ्या पीबीआरमध्ये, बेस कलरमध्ये प्रकाश किंवा सावली रंगवायची नसते. तिथे फक्त वस्तूचा स्वतःचा रंग. माळव्याचा बेसाल्ट काळा म्हणून त्याला शून्याच्या जवळ नेऊ नका. ० ते २५५ च्या मापात कोळशासारख्या वस्तूलाही सहसा ३० च्या खाली नेत नाहीत, आणि ताजा बर्फ २४० च्या आसपास थांबतो. काळा फार काळा केला की त्यावर प्रकाश कितीही टाका, भोक पडल्यासारखं दिसतं. मेटॅलिकचं, म्हणजे पृष्ठभाग धातूचा आहे का याचं, उत्तर हो किंवा नाही एवढंच: लोखंडी खिळा हो, त्यावरचा गंज नाही.

एक किरकोळ पण छळणारी गोष्ट. नॉर्मल मॅप म्हणजे उंचवटे-खळगे भासवणारं टेक्स्चर. ब्लेंडर त्यातला हिरवा चॅनल एका दिशेने वाचतं, अनरिअल उलट्या. ब्लेंडरमध्ये बेक करून तसंच अनरिअलमध्ये टाकलं तर दगडांचे सांधे खोल जाण्याऐवजी फुगून वर येतात. टेक्स्चरच्या सेटिंगमध्ये हिरवा चॅनल उलटा करायची खूण आहे, ती करा. दिवस दिवस लाइट हलवत बसणारी मुलं मी पाहिली आहेत.

आता झीज. बाजारात मिळणारे आपोआप झीज करणारे जनरेटर प्रत्येक कडेला सारखंच खरवडतात, आणि तिथेच नवशिक्याचं काम ओळखू येतं. त्याऐवजी पाच प्रश्न विचारा: इथे पाणी कुठून येतं, हात कुठे लागतो, पाय कुठे पडतो, ऊन कोणत्या बाजूने येतं, धूर कुठून निघतो. पाणी छज्ज्याच्या कडेवरून ठिपकतं, म्हणून काळे ओघळ छज्ज्याखाली, भिंतीच्या मधोमध नव्हेत. हात खांबाला खांद्याच्या खाली लागतो, म्हणून तिथे लाकूड गडद आणि तुकतुकीत. कोनाड्यात पणती, म्हणून काजळी कोनाड्याच्या वरच्या भागात, ज्योतीच्या आकाराची. उन्हाच्या बाजूचं लाकूड करडं पडतं, आतलं तपकिरी राहतं. आधी हे मुखवटे (मास्क, म्हणजे कोणता डाग कुठे लागायचा ते सांगणारी चित्रं) वेगवेगळ्या थरांत करा, मग एकावर एक चढवा. अंगणाच्या फरशीसारख्या मोठ्या पृष्ठभागावर व्हर्टेक्स पेंटने, म्हणजे मॉडेलच्या कोपरबिंदूंवर रंगवून, ओल आणि धूळ मिसळा, आणि ओघळ, तडे, फाटकी पत्रकं डेकल म्हणून वरून चिकटवा.

"भारतीय रस्ता" असं म्हटलं की परदेशी गेममध्ये कचऱ्याचा ढीग, मधोमध गाय आणि विजेच्या तारांचं जाळं ठरलेलं असतं. आपलीच मुलंही ते रेडीमेड ॲसेट उचलतात. अरे, २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणात सतत वरचा नंबर काढणाऱ्या गावाचा रस्ता करताय आणि कोपऱ्यात उकिरडा कसला घालताय? आजच्या इंदूरची खूण हवी असेल तर सकाळी गाणं लावून येणारी कचरागाडी घाला, पहाटे धुतलेला रस्ता दाखवा. ओला रस्ता रफनेससाठी सोन्यासारखाच असतो.

सातवी पायरी: प्रकाश

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मॉडेल बरं आणि प्रकाश उत्तम असेल तर दृश्य उभं राहतं, उलटं सहसा होत नाही.

सुरुवातीला ऑटो एक्स्पोजर बंद करा, नाहीतर तुम्ही दिवा वाढवाल आणि कॅमेरा आपोआप तो कमी करेल. मग अनरिअलमधलं सूर्याची जागा काढणारं प्लगइन चालू करा आणि इंदूरचे आकडे भरा: अक्षांश २२.७, रेखांश ७५.९, वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. आता तारखा बदलून बघा. २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, अगदी किंचित उत्तरेला. महिरपीच्या आत काहीच शिरत नाही, भिंती सपाट पडतात. २१ डिसेंबरला माध्यान्हीलाही तो ४४ अंशांच्या वर जात नाही, दक्षिणेकडून तिरपा येतो आणि खांबांच्या सावल्या फरशीवर लांबवर पसरतात. आपल्याकडे माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते, बाराला नाही, हेही तिथेच दिसेल. पहिल्या कामासाठी थंडीतली सकाळ निवडा. तिरपा प्रकाश दगडाचा प्रत्येक उंचवटा फुकटात दाखवतो.

उन्हाचा एकच मुख्य दिवा ठेवा. बाकीचं काम आकाशाच्या निळसर उजेडाला आणि फरशीवरून उसळणाऱ्या प्रकाशाला करू द्या. ओवरीच्या छताला खालच्या मातीचा किंचित तांबूसपणा आला पाहिजे. ल्युमेन ते करतं, बेकिंगही करतं. कोपरा अंधारा वाटला की लगेच दिवा लावायची सवय सोडा. त्या अंधारानेच उजेडाकडे लक्ष जातं. दिवा लावायचाच तर तो कशाचा आहे ते ठरवा: पणती, कंदील, की समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून आलेला उजेड.

मग पडदा कृष्णधवल करून, डोळे किलकिले करून बघा. खेळाडूला जिथे जायचं आहे तो भाग सगळ्यात जास्त फरकाने उठून दिसतोय का? तुमची सुंदर पितळी घागर त्याच्याहून जास्त उठून दिसत असेल तर घागर सावलीत सरकवा. धुकं घालायचं तर चमचाभर. सिनेमॅटिकच्या नावाखाली निळं-नारिंगी कलर ग्रेडिंग चढवून सगळे गेम एकाच गावचे दिसायला लागले आहेत.

आठवी पायरी: झाडं, आणि जेवढी लागतील तेवढीच

झाड करायला वेळ फार लागतो, तेव्हा पहिल्या कामात एकच करा, पण माळव्यातलं करा. पळस, साग, कडुनिंब. मांडूला गेलात तर तिथली जाड बुंध्याची गोरखचिंच बघा, दुरून नुसत्या काळ्या आकृतीवरून ओळखू येणारं झाड आहे ते. ऋतू तपासा. भर उन्हाळ्यात साग पानांनी डवरलेला दाखवू नका.

पानांच्या पत्र्यांमध्ये, म्हणजे पानाचं चित्र लावलेल्या सपाट तुकड्यांमध्ये, पारदर्शक भाग जास्त राहिला की तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो आणि गेम मंदावतो. म्हणून पत्रा पानाच्या आकाराच्या जवळ कापा. मोठ्या जगात झाडं एकेक करून लावत नाहीत. गुरिला या स्टुडिओने २०१७ च्या 'होरायझन झीरो डॉन'मध्ये ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या नियमांनीच रान मांडलं: उतार किती, पाणी किती जवळ, वाट कुठे. पुन्हा तेच, रोपटं उगवायलाही कारण लागतं.

नववी पायरी: मोजणं

सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० साठी १६.७. अनरिअलच्या कन्सोलमध्ये 'स्टॅट युनिट' लिहिलं की वेळ कुठे जातोय ते दिसतं. बहुतेक वेळा दोषी निघतात ते सावल्या पाडणारे जास्तीचे दिवे, दाट पानं आणि पारदर्शक धूर. मॉडेलवर संशय घेण्याआधी हे तीन बघा.

दहावी पायरी: दाखवणं

पुणे, बेंगळुरूच्या स्टुडिओंत तुमचा पोर्टफोलिओ बघणाऱ्याकडे वेळ थोडा असतो. अर्धवट दहा कामांपेक्षा एक पूर्ण खण भारी ठरतो. पहिलं चित्र सगळ्यात चांगलं आणि पूर्ण दृश्याचं. मग दोन-तीन जवळची. मग उघडं काम: वायरफ्रेम (मॉडेलच्या नुसत्या रेषा), संचातले भाग ओळीने मांडलेले, ट्रिम शीट, प्रकाशाशिवायचा बेस कलर. चालण्याच्या वेगाने, माणसाच्या पाठीमागून घेतलेला मिनिटभराचा व्हिडिओ जोडा. ड्रोनसारखं घिरट्या घालणं नको, गेममध्ये खेळाडू तसा उडत नाही.

मेगास्कॅन्स या तयार स्कॅनच्या संग्रहातले दगड वापरले असतील तर तसं स्पष्ट लिहा. तयार ॲसेट वापरणं हा गुन्हा नाही, स्टुडिओतही वापरतात. पण आपलं काय आणि आणलेलं काय हे लपवलं आणि मुलाखतीत कुणी त्या दगडाचे लेयर उघडायला सांगितले तर तिथेच विषय संपतो. चित्रांसोबत मूळ जागेचा एक फोटोही ठेवा, त्या सराफ्याच्या शटरचा किंवा दिंडीचा. मुलाखत घेणारे त्यावरच प्रश्न काढतात: हा डाग इथे का, हा खांब इथे गडद का. उत्तरं तुमच्याकडे असतील, कारण तुम्ही तिथे उभं राहून बघितलेलं आहे. मराठीत किंवा हिंदीत विचार करून मोडक्या इंग्रजीत सांगितलंत तरी चालतं. आर्ट टेस्ट मिळाली तर मात्र पहिला अर्धा तास नुसती सूचना वाचण्यात घालवा: त्रिकोणांची मर्यादा, टेक्स्चरचा आकार, फाइलचं नाव कसं द्यायचं ते.